गोव्यात पोटापाण्यासाठी येताना : आधी बस पाहावी, मग खोली

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ कोटी भारतीय आपले पूर्वीचे राहते ठिकाण सोडून देशातच अन्यत्र राहत होते. हा आकडा वाचला की मुंबई, सुरत, दिल्ली ही नावे आठवतात. गोवा सहसा आठवत नाही. त्याच जनगणनेत मात्र गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी भागात नोंदली गेली होती आणि, दिल्ली-चंडीगडसारखे केंद्रशासित प्रदेश बाजूला ठेवले तर, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हे प्रमाण अधिक होते. गंमत अशी की गोव्यात एकही मोठे शहर नाही. सबंध राज्याची लोकसंख्या तेव्हा १५ लाखांच्या आत होती. म्हापसा, फोंडा, वास्को आणि मडगाव ही शहरे पणजीपासून साधारण तासाभराच्या आत येतात, त्यांच्यामध्ये औद्योगिक वसाहती, गावे, शेते आणि खाड्या पसरलेल्या आहेत, आणि माणसे रोज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कामाला जातात. गोवा हे ताणून पसरलेले एकच शहर आहे असे समजून येथे आलेला माणूस लवकर स्थिरावतो. मुंबईसारखे स्टेशन गाठले की काम भागेल असे समजून आलेला माणूस मात्र पहिले दोन महिने रस्त्यावरच घालवतो.

प्रस्तुत लेखक सावंतवाडी तालुक्यातून अठरा वर्षांपूर्वी आला आणि सध्या कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हजेरीपट व पगारपत्रके सांभाळतो. दोडामार्ग, चंदगड, बेळगाव, आजरा, कधी थेट बीड-लातूरकडून नवीन माणूस आला की त्याचे कागद प्रथम या टेबलावर येतात. पुढील सूचना त्या कागदांमधून आणि स्वतः खाल्लेल्या ठेचांमधून आलेल्या आहेत.

निघण्यापूर्वी : पिशवीत काय, घरी काय

सर्वांत पहिले काम मोबाईल क्रमांकाचे आहे. आधार, बँक आणि भविष्य निर्वाह निधी ही तिन्ही खाती ज्या क्रमांकाला जोडलेली आहेत तोच क्रमांक पुढे चालू ठेवावा. गोव्यात आल्यावर स्वस्त योजना मिळाली म्हणून नवीन सिम घेणारे आणि जुने रिचार्जविना बंद पडू देणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडच्या एका मुलाला बहिणीच्या लग्नासाठी निधीतून पैसे काढायचे होते, तेव्हा ओटीपी बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहिला, आणि आधारवरचा क्रमांक बदलून घेईपर्यंत लग्न उरकून गेले.

दुसरे काम नावाचे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर तोच क्रम उलटा झालेला असतो, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांचे नाव केवळ आद्याक्षरापुरते उरलेले असते. गावी राहताना याने काही अडत नाही. कारखान्यात निधीचे खाते उघडताना मात्र तिन्ही ठिकाणची नावे आणि जन्मतारीख जुळावी लागतात, नाहीतर खाते उघडते पण पैसे निघत नाहीत. ही दुरुस्ती निघण्यापूर्वी तालुक्याच्या गावी करून घेणे स्वस्त पडते, कारण गोव्यातून तीच करायची तर एक दिवसाचा रोज बुडतो.

मूळ प्रमाणपत्रे आणल्यास ती स्वतःच्या ताब्यात ठेवावीत आणि झेरॉक्सचे दोन संच वेगळे करावेत. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या किंवा हॉटेलांना माणसे देणाऱ्या एखाद्या एजन्सीने ‘मूळ दाखला आमच्याकडे जमा करा’ असे म्हटले, तर तेथून उठून यावे. दाखला अडकला की नोकरी बदलणेही अडकते, आणि तो मागून घेण्याचे कारणही बहुधा तेच असते.

शिधापत्रिकेवरून नाव कमी करून घेऊ नये. गावात ‘गोव्याला जातोयस, नाव काढून टाक’ असा सल्ला हमखास मिळतो. तो जुन्या काळाचा आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत गोवा १ जानेवारी २०२० पासून सामील आहे, आणि २०२२ पर्यंत सर्व राज्ये तिच्यात आली. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका आधारशी जोडलेली असेल, तर आपल्या वाट्याचे धान्य गोव्यातल्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून मिळते, आणि उरलेल्या कुटुंबाचे धान्य गावीच उचलता येते.

आता पैशांचे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे असा कायदा आहे, म्हणजे १ तारखेला रुजू झालेल्या माणसाच्या हाती पहिला पगार ३७ व्या दिवशी येऊ शकतो. खोलीची अनामत, पहिले भाडे, चटई, बादली, शेगडी आणि सदतीस दिवसांचे जेवण एवढे पैसे जवळ असल्याखेरीज निघू नये. उसने घ्यायचेच असतील तर ते गावातच घ्यावेत. येथे कंत्राटदाराकडून उचल घेतली की माणूस त्या कंत्राटदाराचाच होऊन बसतो.

ये-जा करावी की बिऱ्हाड हलवावे

सीमेलगतच्या वाचकांपुढे हा खरा प्रश्न असतो. बांदा किंवा दोडामार्गहून दुचाकीने म्हापशाला रोज येणारी शेकडो मुले आहेत. सकाळी सातच्या सुमारास पत्रादेवीच्या नाक्यावर उभे राहिले तर हेल्मेटांची रांगच दिसते. दिवसपाळी असेल, अंतर तीसेक किलोमीटरच्या आत असेल आणि घरी शेती किंवा म्हातारी माणसे असतील, तर पहिले काही महिने ये-जा करणे शहाणपणाचे आहे, कारण नोकरी टिकते की नाही हे कळण्यापूर्वी अनामत अडकवण्यात अर्थ नसतो. तीन पाळ्यांचे काम असेल तर मात्र ये-जा करू नये. रात्रपाळी संपवून पहाटे झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी महामार्ग क्रमांक ६६ वरून, त्यातही जून-जुलैच्या पावसात, गाडी हाकणे हा हिशेब कोणत्याही भाड्यापेक्षा महाग पडतो.

कामाचे ठिकाण ठरले, आता बस पाहावी

गोव्यात आलेला नवीन माणूस सर्वांत मोठी चूक करतो ती ही, की ओळखीचा कोणी जेथे राहतो तेथेच तो खोली घेतो, आणि मग कामाला जाण्यासाठी दोन बसगाड्या बदलतो. येथे लोकल गाड्या नाहीत. कोकण रेल्वेची पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, काणकोण ही स्थानके गावी जाण्यासाठी उपयोगाची आहेत, रोजच्या कामाला नव्हेत. सारी मदार कदंब या राज्य परिवहन महामंडळाच्या आणि खासगी बसगाड्यांवर असते, आणि या गाड्या दिवसा भरपूर असल्या तरी रात्री आठनंतर झपाट्याने विरळ होतात. आतल्या गावांत तर त्याही आधी शुकशुकाट होतो.

म्हणून आधी वसाहत आणि मग तिच्या मार्गावरचे गाव, या क्रमाने विचार करावा. कुंडई, मडकई आणि बेतोडा येथे काम असेल तर फोंडा व त्याच्या आसपासची गावे सोयीची आहेत. वेर्णा येथे औषधनिर्मितीपासून यंत्रभागांपर्यंत अनेक कारखाने आहेत; तेथील कामगारांनी नागवा, वेर्णा, कुठ्ठाळी पाहावे, आणि तेथे भाडे परवडले नाही तर मडगाव किंवा वास्को पाहावे, कारण दोन्हीकडून थेट गाड्या आहेत. करासवाडा, थिवी आणि पिळर्ण यांच्यासाठी म्हापसा, तुये आणि मोपा विमानतळासाठी पेडणे परिसर, पिसुर्ले आणि होंडा यांच्यासाठी साखळी किंवा वाळपई, तर कुंकळ्ळीसाठी कुंकळ्ळी किंवा मडगाव बरे. कळंगुट, बागा, कांदोळी येथील हॉटेलांत काम करणाऱ्याने किनाऱ्यावरच खोली शोधण्याच्या भरीस पडू नये. गिरी, पर्रा किंवा म्हापसा येथे राहून जाणे अधिक टिकाऊ ठरते. त्याचे कारण पुढे खोलीच्या प्रकरणात येईल.

मार्ग ठरला की खोली पाहण्याआधी एक दिवस तो स्वतः करून पाहावा. पाळी सुटण्याच्या वेळी वसाहतीच्या थांब्यावर उभे राहावे, किती वेळाने गाडी येते, ती भरलेली असते का, आणि कंडक्टर शेवटची गाडी कितीची सांगतो, हे सारे वहीत टिपून ठेवावे. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा या मार्गांवर कदंबच्या शटल गाड्या आहेत. त्यांचे तिकीट गाडीत नव्हे, तर स्थानकावरच्या खिडकीतून आधी घ्यावे लागते आणि त्या मध्ये थांबत नाहीत. मधल्या गावाला उतरायचे असलेला नवखा माणूस या गाडीत चढला की थेट शेवटच्या स्थानकाचे दर्शन घेतो. नियमित प्रवास करणाऱ्याने मासिक पासची चौकशी करावी.

बस चुकली तर पायलट असतो. पिवळ्या रंगाचे मडगार्ड असलेली ही भाड्याची मोटारसायकल गोव्याबाहेरच्या माणसाला प्रथम विचित्र वाटते, पण बसथांब्यापासून आतल्या वाड्यापर्यंत जाण्यासाठी तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. स्वतःची दुचाकी आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पणजीतील अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. मांडवीवरील जुन्या पुलांनीच जावे लागते.

खोली

येथे अधिक सावकाश जावे लागेल, कारण सर्वाधिक पैसे येथेच बुडतात.

खोली शोधायला दुपारी एक ते चार या वेळेत जाऊ नये. गोव्यात दुपारी दुकाने बंद होतात, माणसे जेवून आडवी होतात, आणि त्या वेळी दार वाजवणाऱ्याला खोली मिळत नाही. सकाळी नऊनंतर किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. फलक फारसे लागलेले नसतात. गावातला किराणा दुकानदार, पोदेर म्हणजे पाववाला आणि बसथांब्यावरचे चहावाले यांना कोणाकडे खोली रिकामी आहे हे ठाऊक असते.

खोली पाहताना भिंतीच्या खालच्या दोन हातांकडे पाहावे. तेवढाच भाग नव्याने रंगवलेला असेल तर तेथे ओल आहे असे समजावे. हाताचा तळवा त्या जागी टेकवून धरला की उन्हाळ्यातसुद्धा गारवा लागतो, आणि नखाने खरवडले तर रंगाखाली पांढरे पीठ सुटते. पावसाळ्यात अशा खोलीत अंथरूण, दाखले आणि तांदूळ यांपैकी काहीही कोरडे राहत नाही. त्यानंतर नळाला पाणी किती वाजता येते ते मालकाला नव्हे, शेजारच्या भाडेकरूला विचारावे. वीजमीटर स्वतंत्र आहे की मालकाचा पोटमीटर आहे हेही पाहावे, कारण पोटमीटर असेल तर युनिटचा दर मालक ठरवतो आणि तो वीजखात्याच्या दरापेक्षा चढा असू शकतो. दर लेखी घ्यावा आणि पहिल्या दिवशीच्या रीडिंगचे छायाचित्र काढून ठेवावे.

करारनाम्याच्या बाबतीत महाराष्ट्रातून आलेल्यांचा एक घोळ होतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो. गोव्यात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरीकडून साक्षांकित करून घेण्याची रूढी आहे, कारण वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्याने नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा मालकाने नोटरीचा कागद दिला तर तो फसवतो आहे असे समजण्याचे कारण नाही. मात्र त्या कागदावर पंचायतीचा किंवा पालिकेचा घर क्रमांक, वाड्याचे नाव, अनामतीची रक्कम, ती किती दिवसांत परत करायची, आणि खोली सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, या पाच गोष्टी असल्याच पाहिजेत. आधारवरचा पत्ता बदलण्याच्या वेळी नोंदणीकृत करार अधिक उपयोगी पडतो, पण त्याचा खर्च कोणी करायचा हे आधी बोलून घ्यावे.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे गोव्यात सक्तीचे आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न दिल्यास दंडही मालकालाच होतो. मालक आधारची प्रत, छायाचित्र आणि मूळ गावचा पत्ता मागतो तेव्हा अपमान वाटून घेऊ नये. उलट जो मालक ‘त्याची काही गरज नाही’ म्हणतो त्याच्याकडे राहूच नये, कारण पोलिसांची तपासणी आली की मध्यरात्री जाब भाडेकरूला द्यावा लागतो. अर्जाची एक प्रत, ठाण्याच्या शिक्क्यासह, आपल्याजवळ ठेवावी.

किनाऱ्याजवळच्या खोलीचे कारण आता सांगतो. ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम सुरू होतो, आणि जी खोली महिन्याच्या भाड्याने दिली जाते तीच रोजच्या भाड्याने दिली तर मालकाला कितीतरी अधिक मिळते. म्हणून जूनमध्ये स्वस्तात मिळालेली कळंगुटची खोली सप्टेंबरअखेर ‘घरचे पाहुणे येणार आहेत’ या कारणाने खाली करावी लागते. पाहुणे खरोखरच येतात, पण ते विमानाने येतात.

माझी पहिली अनामत अशीच गेली. म्हापशाजवळच्या एका गावात आठ महिने राहून खोली सोडली, तेव्हा मालकाने न्हाणीघरातले बेसिन तडकलेले दाखवले आणि अनामत त्यातच वळती केली. बेसिन मी राहायला जाण्याआधीपासून तडकलेले होते, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते. त्या दिवसापासून जो विचारील त्याला मी सांगतो की सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या खोलीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा, दारे-खिडक्या, नळ, बेसिन, पंखा एकेक दाखवून, आणि तो त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून द्यावा. भाडे रोख दिले तर वहीत तारीख घालून मालकाची सही घ्यावी. सहीचा कंटाळा असलेला मालक सहसा यूपीआयला तयार होतो, आणि ते आपल्या फायद्याचेच असते.

स्वयंपाकाच्या गॅससाठी गावचे कनेक्शन लगेच हलवण्याची घाई नको. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, आणि एकट्या माणसाला तो पुरतो.

नोकरीचे कागद

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील दोन-तीन गोष्टी नवीन माणसाने पाठच करून ठेवाव्यात. कामावर घेताना नियुक्तिपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर येणे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. जादा कामाचा दर दुप्पट असतो. परराज्यातून आलेल्या कामगारांविषयी १९७९ चा जो कायदा होता तो कंत्राटदाराने भरती करून आणलेल्यांपुरता होता. नवीन संहितेत स्वतःहून आलेल्या कामगाराचाही, वेतनाच्या ठरावीक मर्यादेत, परराज्यीय स्थलांतरित कामगार म्हणून विचार झालेला आहे.

कंत्राटदारामार्फत काम मिळाले असेल तर नियुक्तिपत्रावर कंत्राटदाराचे नाव असेल, कारखान्याचे नव्हे. त्यात गैर काही नाही, पण हाती लागलेल्या त्या कागदाकडे नीट पाहावे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) आणि वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत भविष्य निर्वाह निधी लागू होतो. पगारपत्रकात विम्यासाठी ०.७५ टक्के आणि निधीसाठी १२ टक्के कपात दिसली पाहिजे. मालकाचा हिस्सा वेगळा. नवीन माणूस पहिल्या महिन्यात माझ्याकडे येतो तो ‘एवढे पैसे का कापले’ म्हणून भांडायलाच, आणि काही कंत्राटदार याच रागाचा फायदा घेऊन ‘हातात जास्त देतो, निधी नको’ असा सौदा करतात. तो सौदा स्वीकारू नये. यंत्रात बोट सापडले, की विम्याचे कार्ड असलेला माणूस मडगावच्या ईएसआय रुग्णालयात जातो आणि घरी बसलेल्या दिवसांचाही काही मोबदला मिळवतो, तर कार्ड नसलेला कंत्राटदाराच्या दयेवर राहतो. निधीचा बारा अंकी यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. आधीच्या नोकरीत मिळालेला असेल तर तोच द्यावा, नवा काढू देऊ नये.

कपात झालेली रक्कम खरोखर भरली जाते का, हे तिसऱ्या महिन्यात उमंग अॅपवर स्वतः पाहावे. पगारपत्रकात कपात दिसते आणि खात्यात शून्य, असा प्रकार झाल्यास आधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर न आल्यास निधी कार्यालयाकडे तक्रार करावी. वेतन थकल्यास किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळाल्यास पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, तेथे जावे. जाताना हजेरीची स्वतःची नोंद न्यावी: कोणत्या दिवशी किती वाजता आत गेलो, किती वाजता सुटलो, एवढे साध्या वहीत लिहिलेले असले तरी ते कामी येते.

हॉटेलांत ‘आठ दिवस ट्रायल’ या नावाखाली फुकट राबवून घेण्याची पद्धत आहे. एक दिवस ठीक; त्यापुढे पैसे ठरवूनच काम करावे. किनाऱ्यावरच्या शॅकचे, म्हणजे हंगामी झोपडीवजा खानावळीचे, काम मे अखेरपर्यंतचे असते, कारण पावसाळ्यात शॅक काढून टाकावे लागतात. ट्रॉलरवरचे कामही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत थांबते. अशा हंगामी कामात शिरणाऱ्याने ते बंद महिने गावी शेतीकडे जायचे की गोव्यातच दुसरे काम धरायचे, हे आधीच ठरवावे. बांधकामावरच्या माणसाने वर्षात ९० दिवस काम भरले की बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी.

राज्य सरकारच्या नोकरीची आशा धरून येणाऱ्यांनी मात्र एक स्पष्ट समजून घ्यावे, की त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते. मराठी येणे इष्ट मानले जाते, पण तेवढ्याने भागत नाही.

आजारपण

सिंधुदुर्गातला माणूस गंभीर आजारासाठी पूर्वीपासून बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतो, आणि त्यामुळे गोव्यात राहायला लागल्यावर तेथे सर्व फुकटच असेल असे गृहीत धरतो. तसे नाही. गोव्याबाहेरच्या रुग्णांना तेथे २०१८ पासून शुल्क लागते, आणि राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी पाच वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणून पहिली पाच वर्षे आधार कशाचा, याचा विचार हवा. ईएसआय असेल तर प्रश्न बराच सुटतो. नसेल आणि आयुष्मान भारत कार्ड असेल, तर ते राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयांतही चालते, तेव्हा ते गावच्या कपाटात ठेवून येऊ नये. अपघातात १०८ ची रुग्णवाहिका सर्वांसाठी मोफत आहे.

बोलणे-चालणे

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे, आणि मराठीच्या शासकीय वापरालाही त्यात मुभा आहे. देवळांत, वर्तमानपत्रांत, नाट्यप्रयोगांत मराठी सर्वत्र भेटते, त्यामुळे आपण घरातच आहोत असा समज होतो. तो समज देवळापुरता ठेवावा. मराठीतून विचारलेले सर्वांना कळते, पण कोकणी ही मराठीचीच बोली आहे असे सांगायला गेल्यास समोरचा माणूस दुखावतो, आणि योग्यच दुखावतो. त्या वादात येथील दोन पिढ्यांनी आंदोलने केली आहेत. भाडेकरूने त्यात पडू नये.

मालवणी बोलणाऱ्याला महिन्याभरात कोकणी येते. घाटावरून आलेल्याला थोडे कठीण जाते. ‘फाल्यां’ म्हणजे उद्या, ‘खंय रावता?’ म्हणजे कोठे राहतोस, आणि बसमध्ये कंडक्टर ‘फुडें वच’ म्हणून ओरडला तर तो रागावलेला नसून पुढे सरकायला सांगत असतो. कोकणीत ‘तूं’ सर्रास चालते. तरुण पोराने आपल्याला एकेरीत हाक मारली म्हणून कोल्हापूरकराने बाह्या सरसावू नयेत. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणाऱ्या पोदेराकडे ‘पोळी’ मागितली तर कोंड्याचा पाव मिळेल, चपाती नव्हे.

‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हा शब्द कानावर येईल, घाटावरच्यांना ‘घाटी’ म्हणतील. त्रास होतो, हे खरे. येथील छोट्या गावांत पाणी, कचरा आणि रस्ता यांवर वाढत्या वस्तीचा ताण पडतो, आणि त्याचा राग नव्या भाडेकरूवर निघतो. कचरा ओला-सुका वेगळा करून पंचायतीच्या ठरलेल्या दिवशी देणे आणि खोलीत मोठ्याने गाणी न लावणे एवढ्याने त्यातला निम्मा राग विरतो. गोमंतकीय माणूस स्वतःही पोटासाठी बाहेर पडलेला आहे. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोव्याच्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी ‘कूड’ उभारली होती, जेथे बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशी ट्रंक ठेवून राहत. वयस्कर घरमालकाला त्याच्या मुंबईच्या दिवसांबद्दल विचारून पाहावे. भाड्याची बोलणी सोपी होतात.

वर्षभरात करायची कामे

मतदारयादीतला पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो. तो भरला की गावचे मत जाते, म्हणून गावात ग्रामपंचायतीचे राजकारण असलेल्यांनी तो घाईने भरू नये. मात्र दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदेशीर आहे. महाराष्ट्र किंवा कर्नाटकात नोंदलेली दुचाकी बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवायची असेल तर तिची येथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. चतुर्थीला गावी जायचे असेल तर रजेचा अर्ज जुलैमध्येच लेखी द्यावा, कारण त्या आठवड्यात अर्धा कारखाना गावी जाऊ पाहतो.

कोणी स्वस्तात जागा देऊ केली तर भुलू नये. गोव्यात सातबारा नसतो. त्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो. त्यावर विकणाऱ्याचे नाव नसून कोमुनिदादचे नाव असेल, तर ती जमीन गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची आहे, आणि तिच्यावर बांधलेली खोली पुढे पाडली जाऊ शकते. वर्षानुवर्षे साठवलेले पैसे अशा जमिनीवरच्या चार भिंतींत घालून बसलेली माणसे प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या आसपास भेटतात.

कुटुंब आणण्याचा विचार पहिला पावसाळा स्वतः त्या खोलीत काढल्यानंतरच करावा. मुलांच्या शाळेचे वेळापत्रक मात्र आधी विचारून घ्यावे: २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू करण्यात आले, म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळेचा निकाल हाती येण्यापूर्वीच येथला वर्ग सुरू झालेला असू शकतो. आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असे शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे. तरीही मुख्याध्यापकांना मार्चमध्येच भेटून नाव सांगून ठेवावे. सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोकणी अशा दोन्ही माध्यमांच्या आहेत, त्यामुळे खालच्या वर्गातल्या मुलाला माध्यम बदलावे लागत नाही, पण मराठी शाळा प्रत्येक वाड्यात असतेच असे नाही, तेव्हा कुटुंबासाठी दुसरी खोली पाहताना कारखान्याच्या बसबरोबर शाळेचा रस्ताही पायी चालून पाहावा.